सुतारपक्ष्याने पाहिलं तर डोळे जातात!

पिओनी या फुलझाडाची फळं तोडायची ती रात्रीच. दिवसा तोडायला गेलात आणि सुतारपक्ष्याने पाहिलं, तर डोळे गेलेच म्हणून समजा!

प्राचीन ग्रीसमध्ये औषधी मुळ्या खणून विकणाऱ्यांत ही समजूत होती. सुमारे २३०० वर्षांपूर्वी ती लिहून ठेवली थिओफ्रॅस्टसने. ॲरिस्टॉटलचा हा शिष्य वनस्पतिशास्त्राचा जनक मानला जातो. मँड्रेक या विषारी औषधी वनस्पतीचा थाट तर औरच: तलवारीने रोपाभोवती तीन रिंगणं आखायची, पश्चिमेकडे तोंड करून मूळ कापायचं आणि दुसरा तुकडा कापताना भोवती नाचत शृंगाराच्या गोष्टी बोलायच्या, सुचतील तितक्या. नाचणाऱ्याला हसू कसं आवरत असेल, देव जाणे.

थिओफ्रॅस्टसने मात्र सगळंच हसण्यावारी नेलं नाही, आणि इथेच तो मला आवडतो. मुळ्यावाल्यांचं काही खरं, काही फुगवलेलं, असं त्याचं मत. थॅप्सिया ही वनस्पती कापताना अंगाला तेल चोळा आणि वारा पाठीशी घ्या, नाहीतर अंग सुजतं, हे त्याला पटलं. पटण्यासारखंच होतं. थॅप्सियात थॅप्सिगार्जिन नावाचं रसायन असतं. पेशीतलं मोकळं कॅल्शियम उपसून साठ्यात भरणारा पंप ते बंद पाडतं. त्वचेतल्या मास्ट नावाच्या संरक्षक पेशींत कॅल्शियम असं वाढलं की त्या हिस्टामिन हे द्रव्य सोडतात. मग खाज, लाली, सूज. हेच थॅप्सिगार्जिन आज पेशींचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळांत रोजच्या वापरात आहे.

मँड्रेकची भीतीही अगदीच पोकळ नव्हती. त्याचं मूळ कधीकधी दुभंगलेलं, माणसाच्या दोन पायांसारखं दिसतं. उपटताना ते किंचाळतं आणि ऐकणारा मरतो, ही कथा पुढे युरोपभर पसरली. मूळ किंचाळत नाही, पण पोटात गेलं तर माणूस बरळू लागतो. त्यातली हायोसायमिन आणि स्कोपोलामाइन ही द्रव्यं मज्जातंतूंचे निरोप पोचवणाऱ्या ॲसिटिलकोलिन या रसायनाची वाट अडवतात: तोंड कोरडं, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारलेल्या, भास. मात्रा वाढली तर मृत्यू.

प्रवासात मळमळू नये म्हणून कानामागे चिकटवायची औषधी पट्टी मिळते, तिच्यात हेच स्कोपोलामाइन असतं. पट्टी लावल्यावर हात धुवायचे असतात. न धुता डोळा चोळला, तर बाहुली मोठी होते आणि काही काळ धूसर दिसतं.