लघवीची गोळी (मूत्रल औषधं)

मूत्रल औषधं म्हणजे शरीरातलं जास्तीचं मीठ आणि पाणी लघवीवाटे बाहेर काढणारी औषधं. घरात यांना सरळ 'लघवीची गोळी' नाहीतर 'पाण्याची गोळी' म्हणतात आणि अर्धा घोळ या नावामुळेच होतो, कारण यातल्या बहुतेक गोळ्या पाणी काढत नाहीत, मीठ काढतात, पाणी बिचारं मिठाच्या मागे जातं.

किडनीत रोज साधारण 180 लिटर पाणी गाळलं जातं आणि लघवी होते दीड-दोन लिटर, म्हणजे बाकी सगळं परत रक्तात ओढून घेतलं जातं. ही परत ओढायची वाट कुठे अडवली त्यावर गोळीचा जोर ठरतो.

सगळ्यात जोरकस म्हणजे फ्युरोसेमाइड आणि टॉरसेमाइड, लोकांच्या तोंडी लॅसिक्स आणि डायटॉर. हार्ट फेल्युअर, किडनीचा आजार, अंगावर आलेली सूज यासाठी देतात. पोटात गेल्यावर तासाभरात लघवी सुरू आणि लॅसिक्सचा असर सहाएक तास, नावच 'लास्ट्स सिक्स' वरून पडलं असं सांगतात. दुसरा गट थायाझाइडचा, हायड्रोक्लोरोथायाझाइड, क्लोरथॅलिडोन वगैरे, हा मुख्यतः बीपीसाठी. बीपीच्या गोळीच्या नावाला शेवटी 'एच' लावलेला असेल तर बहुतेक वेळा आत हेच असतं, म्हणजे कितीतरी लोक लघवीची गोळी घेत असतात आणि त्यांना पत्ताच नसतो. तिसरी स्पायरोनोलॅक्टोनसारखी, पोटॅशियम राखून ठेवणारी, लिव्हर सिरोसिसमध्ये पोटात पाणी झालं की हिचा नंबर लागतो. मॅनिटॉल मेंदूची सूज उतरवायला सलाइनमधून देतात. आणि लेह-लडाखला जाणारे ट्रेकर उंचीचा त्रास होऊ नये म्हणून जी डायमॉक्स घेतात तीही याच घराण्यातली, बोटांना मुंग्या येतात ती.

शोधाची गोष्ट मजेशीर आहे. 1919 मध्ये व्हिएन्नात सिफिलिससाठी पाऱ्याचं इंजेक्शन देताना पेशंटला भरमसाट लघवी होतेय हे आल्फ्रेड व्होगल नावाच्या मेडिकलच्या विद्यार्थ्याच्या लक्षात आलं, मग पुढची बरीच वर्षं सूज उतरवायला चक्क पारा टोचत होते. 1950 च्या दशकाच्या शेवटी क्लोरोथायाझाइड आलं तेव्हा पोटात घ्यायची, त्यामानाने सुरक्षित आणि खरंच काम करणारी गोळी हातात आली.

आता जपून वापरायचं म्हणजे काय, तर लघवी किती झाली यापेक्षा रक्तातले क्षार बघायचे. पहिल्या दोन प्रकारांत पोटॅशियम निघून जातं, मग पोटऱ्यांत गोळे, थकवा, छातीत धडधड. थायाझाइडने म्हाताऱ्या माणसांचं सोडियम खाली येतं आणि आजी असंबद्ध बोलायला लागते, तोल जातो, घरचे म्हणतात वय झालं, आणि रक्त तपासलं की कारण सापडतं. म्हणून गोळी सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर काही दिवसांनी सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारी तपासणी) करून घ्यायचं. स्पायरोनोलॅक्टोनचं उलटं, त्यात पोटॅशियम वाढतं आणि फार वाढलं तर हृदय बंद पडू शकतं, तेव्हा या गोळीवर असताना रोज शहाळं आणि वरून 'लो सोडियम' मीठ, ज्यात पोटॅशियमच घातलेलं असतं, हा तब्येतीच्या नावाखाली केलेला घातच. सैंधव खाल्लं तर चालतं हाही भ्रम, तेही बहुतांश सोडियम क्लोराइडच. आणि पापड-लोणचं तसंच चालू ठेवून गोळी वाढवत नेण्यात काही अर्थ नाही.

गोळी सकाळी घ्या, रात्री घेतली तर झोपमोड आणि अंधारात बाथरूमला जाताना पडायची भीती. हार्ट फेल्युअरवाल्यांनी रोज सकाळी लघवी करून, नाश्त्याआधी वजन करून लिहावं, दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते पाणी आहे, डॉक्टरांना फोन करायचा. जुलाब-उलट्या लागल्या किंवा विदर्भातल्या मे महिन्यासारख्या उन्हात चक्कर यायला लागली तर गोळी थांबवायची का हे त्याच दिवशी विचारावं. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन, सोबत बीपीची रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी आणि वर ही, या तिघी एकत्र आल्या की किडनी बसू शकते. थायाझाइडने शुगर आणि युरिक ॲसिडही वाढतं, गाऊटवाल्यांनी (युरिक ॲसिड साचून सांधे सुजतात त्यांनी) आधीच सांगून ठेवावं.

पाय सुजले की शेजाऱ्याची लॅसिक्स घ्यायची ही सवय मात्र फार वाईट. अमलोडिपिन या बीपीच्या गोळीनेही घोट्याला सूज येते, ती सूज लघवीच्या गोळीने फारशी जात नाही, अमलोडिपिनच कमी करावी किंवा बदलावी लागते, पण होतं काय की एका गोळीच्या त्रासावर दुसरी गोळी आणि दुसरीच्या त्रासावर तिसरी. गरोदरपणातल्या सुजेवर तर मनाने अजिबात नाही.

वजन कमी करायलाही लोक घेतात. काटा खाली येतो खरा, पण गेलेलं असतं पाणी, चरबी जागची हलत नाही. शिवाय दुसरी औषधं लघवीत पातळ होऊन लपतात म्हणून खेळात या गोळ्यांवर बंदी आहे, 2003 च्या वर्ल्ड कपच्या तोंडावर शेन वॉर्न याच प्रकारच्या गोळीमुळे घरी गेला, आईने दिली होती म्हणाला, तरी वर्षभराची बंदी बसलीच.