सी ड्राइव्ह भरला, डी रिकामाच

तालुक्याच्या फोटो स्टुडिओत किंवा गावच्या सेवा केंद्रात जुन्या कॉम्प्युटरला हल्ली १२० जीबीची एसएसडी, म्हणजे चिपवर डेटा ठेवणारी वेगवान डिस्क, बसवलेली दिसते. विंडोज तिच्यावर, म्हणून ती सी ड्राइव्ह. जुनी ५०० जीबीची हार्ड डिस्क तशीच शेजारी, ती डी. विंडोज त्या एसएसडीत १११ जीबीच दाखवतं. दुकानदाराने फसवलेलं नसतं. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. त्यात विंडोजचे अपडेट, कोरल, फोटोशॉप, टॅली बसले की ऐन लग्नसराईत सीची पट्टी लाल होते.

मग पहिला उपाय कट-पेस्टचा. प्रोग्राम फाइल्समधलं फोल्डर उचलून डीवर टाकलं, की प्रोग्राम उघडतच नाही. फोल्डर हलतं, पण विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे कुठला प्रोग्राम कुठे आहे याच्या नोंदवहीत, पत्ता सीचाच राहतो. काही फाइली सिस्टीमच्या फोल्डरात, सेटिंग अ‍ॅपडेटा नावाच्या वेगळ्या फोल्डरात, तीही सीवरच. फळावर आलेलं संत्र्याचं झाड उपटून दुसऱ्या वावरात जगत नाही, कलमच नव्याने लावावी लागते, तसंच हे.

म्हणून आधी सेटअप फाइल आणि लायसन्स की हाताशी आहे का ते बघा, डेटाची कॉपी काढा, मगच कंट्रोल पॅनलमधून अनइन्स्टॉल करून कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. सेटअप चालवल्यावर 'नेक्स्ट, नेक्स्ट' दाबत सुटू नका. 'कस्टम' निवडलं की पत्त्याची चौकट येते. तिथे फक्त पहिलं अक्षर सीचं डी करा, पुढचा पत्ता तसाच राहू द्या. गंमत म्हणजे डीवर इन्स्टॉल करतानाही सेटअप आपलं गाठोडं सीच्या टेम्प, म्हणजे तात्पुरत्या फाइलींच्या, फोल्डरात सोडतं. तेव्हा रिसायकल बिन आणि टेम्प आधी रिकामे हवेत, नाहीतर डीवर ४०० जीबी मोकळे असून 'जागा नाही' असा निरोप येतो.

सगळेच प्रोग्राम ऐकत नाहीत. एमएस ऑफिसच्या नव्या आवृत्त्या आणि क्रोम जागा विचारतच नाहीत, थेट सीवर बसतात. सेटिंगमधलं 'मूव्ह' बटण बहुतेक मायक्रोसॉफ्ट स्टोअरच्या अ‍ॅपपुरतंच चालतं.

काय हलवायचं, हा खरा प्रश्न. हार्ड डिस्कमधली तबकडी फिरते आणि ती वाचणाऱ्या हेडला प्रत्येक फाइलपाशी जायला साधारण १० मिलिसेकंद लागतात. उघडताना हजार बारीक फाइली वाचणारा प्रोग्राम नुसत्या शोधाशोधीत १० सेकंद घालवणार. एसएसडीत फिरणारं काहीच नाही. त्यामुळे रोजचं फोटोशॉप सीवरच बरं. महिन्यातून एकदा लागणारं डीवर जाऊ द्या. तसंही जागा प्रोग्रामपेक्षा लग्नाचे फोटो आणि डाउनलोड्स जास्त खातात. डाउनलोड्सवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन, मूव्ह, एवढं पुरतं. मात्र डीवर आधी वेगळं फोल्डर करा. नुसता डी निवडला तर विंडोज अख्ख्या ड्राइव्हलाच डाउनलोड्स समजतं, आणि ते निस्तरताना डोकं उठतं.

डिस्क नव्याने जोडत असाल तर मदरबोर्डला जोडणारी साटाची डेटा केबल आणि पॉवरची केबल, दोन्ही लागतात. लॅपटॉपमध्ये डीव्हीडीच्या जागी कॅडी, म्हणजे डिस्क धरणारी चौकट, बसते, ती ९.५ किंवा १२.७ मिलिमीटर जाडीची, मोजूनच आणा. कोरी डिस्क आपोआप दिसत नाही, विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये इनिशियलाइझ करून एनटीएफएस फॉरमॅट करावी लागते. जुन्या, भरलेल्या डिस्कसाठी विंडोजने फॉरमॅट विचारलं तर 'हो' म्हणू नका. ड्राइव्हचं अक्षर ठरवलं की बदलायचं नाही. डीचा ई झाला, की तिथला एकही आयकॉन उघडणार नाही. याच कारणाने यूएसबीच्या डिस्कवर प्रोग्राम टाकू नयेत.

आपल्याकडे आणखी दोन शत्रू. डिस्कवर लिहिणं चालू असताना लाइन गेली तर ती फाइल बिघडू शकते. इन्व्हर्टरवर चालवत असाल तर स्विच यूपीएस मोडवर असू द्या. नॉर्मल मोडमध्ये लाइन बदलायला लागणारा क्षण कॉम्प्युटरला झेपत नाही. दुसरा शत्रू मे महिना. बहुतेक हार्ड डिस्कची मर्यादा ६० अंशांची, आणि खोलीतच ४५ असले तर कॅबिनेटच्या आत फार अंतर उरत नाही. दोन डिस्कमध्ये एक कप्पा रिकामा सोडा. कूलरचा झोत मात्र कॅबिनेटवर नको. त्या ओल्या हवेने पंख्यावरच्या धुळीचा थर घट्ट बसतो.

पुढे कधी विंडोज नव्याने टाकलं तर डीवरची फोल्डरं जागच्या जागी दिसतील, पण प्रोग्राम चालणार नाहीत, कारण रजिस्ट्री सीबरोबर पुसली गेलेली असते. सेटअप फाइलींचं एक फोल्डर डीवर ठेवायचं ते याच्यासाठी.