तोफ बसवली, पण धक्का कुठे जिरवायचा?

1943 साली ब्रिटिशांच्या हाताशी दोन गोष्टी होत्या: अमेरिकेहून आलेले शर्मन रणगाडे आणि स्वतःची रणगाडाभेदी '17 पौंडर' तोफ. या दोहोंच्या जोडीतून शर्मन फायरफ्लाय हा रणगाडा घडला. जर्मन टायगर रणगाड्याच्या पुढच्या 100 मिमी पोलादापुढे शर्मनची 75 मिमी तोफ अगदीच तोकडी पडे. 17 पौंडरचं तोंड 76.2 मिमी, म्हणजे जवळजवळ तेवढंच. मात्र नळी बरीच लांब आणि काडतुसात दारू कितीतरी जास्त. जुन्या तोफेचा 6.8 किलोचा गोळा सेकंदाला सुमारे 620 मीटर वेगाने सुटे, हिचा 7.7 किलोचा सुमारे 880 मीटरने. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढत असल्याने ती 1.3 वरून थेट 3 मेगाज्यूलवर गेली.

गोळा पुढे जातो तशी नळी मागे येते. 17 पौंडरची नळी तब्बल मीटरभर मागे यायची आणि शर्मनच्या टरेटमध्ये, म्हणजे वरच्या फिरत्या बुरुजात, तेवढी जागा नव्हती. इंग्लंडमधल्या लुलवर्थच्या रणगाडा प्रशिक्षण केंद्रात मेजर ब्रायटी यांनी तोफ घट्ट आवळून पाहिली, म्हणजे सगळा धक्का रणगाड्यानेच सोसायचा. असं किती दिवस चालणार? मग व्हिकर्स या शस्त्र बनवणाऱ्या कंपनीचे अभियंते किलबर्न यांनी धक्का शोषणारे सिलिंडर आखूड करून तोफेच्या दोन्ही बाजूंना बसवले. ब्रीच, म्हणजे गोळा भरायचं मागचं तोंड, 90 अंशांत आडवं फिरवलं, कारण लोडर (गोळा भरणारा) डावीकडे बसतो आणि गोळा त्याला बाजूनेच सारावा लागतो. ब्रीच आता मागे थेट रेडिओपर्यंत येऊ लागलं, म्हणून टरेटची मागची भिंत कापून बाहेर चिलखती पेटी जोडली आणि रेडिओ तिच्यात हलवला. लोडरला छतात स्वतंत्र झडप मिळाली. ड्रायव्हरशेजारच्या मशीनगनवाल्याला मात्र उठवलं. त्याच्या जागी लांबलचक काडतुसं रचली. पाचाचे चार झाले. हीच शर्मन फायरफ्लाय.

दुखणी उरलीच. बार उडताच तोंडाशी एवढा जाळ आणि धुरळा उठे की गोळा कुठे पडला ते तोफचीला दिसत नसे. टंगस्टनचा गाभा असलेला नवा गोळा सेकंदाला 1200 मीटरने जाई, पण गाभ्याभोवतीचं हलकं कवच सगळीकडून सारखं सुटलं नाही की गाभा भरकटे. जवळचा टायगर फुटे, लांबचा नेम मात्र बेभरवशाचा.

शिवाय लांब नळीमुळे फायरफ्लाय चारचौघांत उठून दिसे, आणि जर्मन तोफची आधी तिलाच टिपत. म्हणून काही दलांनी नळीचा पुढचा अर्धा भाग खालून पांढरट रंगवला. लांबून पाहणाऱ्याला नळी साध्या शर्मनएवढीच आखूड वाटावी, एवढ्यासाठी.