समायोजन, डोळ्याचे

समायोजन, डोळ्याचे : वस्तू जवळ असो वा दूर, तिची रेखीव प्रतिमा दृष्टिपटलावर (डोळ्याच्या मागच्या पडद्यावर) पडावी म्हणून डोळ्यातील भिंगाची वक्रता आपोआप कमी-जास्त होण्याची क्रिया. ही शक्ती शाबूत असेपर्यंत तिची कोणाला जाणीव नसते. ओसरू लागली की बोलीत ‘चाळिशी लागली’ म्हणतात. वयालाही तोच शब्द आणि चष्म्यालाही तोच.

प्रकाशकिरण वळवण्याचे बहुतेक काम भिंग करते, हा समज रूढ आहे, पण बरोबर नाही. विसाव्यातील डोळ्याची एकूण शक्ती सुमारे ६० डायॉप्टर (किरण वळवण्याच्या शक्तीचे एकक). तीपैकी ४३ च्या आसपास एकट्या पारपटलाची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक आवरणाची (जुन्या ग्रंथांत स्वच्छमंडल) असते. हवेचा अपवर्तनांक (माध्यम किरण किती वळवते याचे माप) १ आणि पारपटलाचा १.३७६, म्हणजे मोठी तफावत तिथेच आहे. कोल्हापुरात पंचगंगेच्या घाटावरून सूर मारून पाण्याखाली डोळे उघडणाऱ्या पोराला स्वतःची बोटेही धूसर दिसतात. पाणी गढूळ असतेच, पण निवळशंख असते तरी बोटे पुसटच राहिली असती. पाण्याचा अपवर्तनांक १.३३३ असल्याने पारपटलाची शक्ती जवळजवळ नाहीशी होते. माशाची सारी भिस्त भिंगावर असते. शिजलेल्या माशाच्या डोळ्यातून निघणारा पांढरा टणक मणी तो हाच. म्हणूनच तो इतका गोल असतो.

प्राचीन उल्लेख : सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ‘दृष्टी’ मसुराच्या डाळीएवढी सांगितली आहे. संहितेचा काळ इ. स. पू. सहाव्या शतकापासून इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांपर्यंत वेगवेगळा मानला जातो. तिच्यावर अनेक हात फिरले असावेत. ही ‘दृष्टी’ म्हणजे भिंग की बाहुली, याबद्दल एकमत नाही. तिथेच ती कृष्णमंडलाच्या (डोळ्याच्या काळ्या भागाच्या) सातव्या भागाइतकी म्हटली असल्याने बाहुली हा अर्थ अधिक जुळतो. लॅटिनमध्ये भिंगाला ‘लेन्स’ म्हणजे मसूरच म्हणतात, पण हा योगायोग दिसतो; त्यावरून देवाणघेवाणीचे तर्क न केलेले बरे.

यंत्रणेचा वाद : प्रतिमा दृष्टिपटलावर उलटी पडते हे खगोलज्ञ केप्लर यांनी १६०४ मध्ये मांडले. भिंग पुढे-मागे सरकत असावे, असा त्यांचा कयास होता. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त यांनी ते आकार बदलते असे सुचवले. दरम्यान १६१९ मध्ये जर्मन खगोलज्ञ शायनर यांनी दिलेला प्रयोग आजही घरी करता येतो. पत्त्याच्या जाड कागदाला टाचणीने दोन भोके पाडावीत, त्यांतील अंतर बाहुलीच्या रुंदीपेक्षा कमी, म्हणजे दोनेक मिलिमीटर ठेवावे, आणि एका डोळ्याने त्यांतून हातभर अंतरावरची सुई पाहावी. सुईवर नजर ठेवली तर ती एक दिसते. नजर लांबच्या भिंतीवर नेली की सुईच्या दोन होतात.

निर्णायक पुरावा इंग्रज वैद्य व भौतिकीतज्ज्ञ टॉमस यंग यांचा (१८०१). घाटावरच्या पोराला जे नकळत घडते, ते त्यांनी मुद्दाम घडवले. पुढे भिंग बसवलेली, पाण्याने भरलेली नळी त्यांनी डोळ्याला लावली. पारपटल असे निष्प्रभ करूनही समायोजन शिल्लक राहिले. नेत्रगोल लांबत असेल ही शंका त्यांनी डोळा खोबणीत दाबून धरून दूर केली. उरले ते भिंग. मात्र त्यांनी भिंगालाच स्नायू मानले होते, ते टिकले नाही. भिंगाभोवतालचा रोमक स्नायू १८४७ च्या सुमारास बोमन आणि ब्र्युके यांनी स्वतंत्रपणे ओळखला.

जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ (१८५५) यांच्या मते हा स्नायू आकसला की भिंगाला ताणून धरणारे तंतू सैल होतात आणि भिंग स्वतःच्या स्थितिस्थापकतेने फुगते. त्याच्या पुढच्या पृष्ठाची वक्रतात्रिज्या सुमारे १० मिलिमीटरवरून ६ पर्यंत उतरते, म्हणजे ते अधिक फुगीर होते. आकसणे म्हणजे सैल करणे, हे प्रथम उलटे वाटते. पण स्नायू कड्यासारखा आहे. कडे लहान झाले की आतले तंतू ढिले पडणारच. चेर्निंग आणि अलीकडे शाखर (१९९२) यांनी तंतू उलट ताणले जातात असे प्रतिपादन केले. बहुसंख्य निरीक्षणे हेल्महोल्ट्झ यांच्या बाजूने आहेत.

कॅमेऱ्याशी तुलना इथे फसते. आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांच्या प्रयत्नांतून कोल्हापुरात १९१८ च्या सुमारास सिद्ध झालेला देशी बनावटीचा कॅमेरा घ्या किंवा आजचा. त्यात भिंग पुढे-मागे सरकवून प्रतिमा रेखीव केली जाते. डोळ्यात भिंग जवळपास जागच्या जागी राहते आणि स्वतःच बदलते. सरकवण्याची पद्धत आहे ती माशांत.

वयानुसार ऱ्हास : दहा वर्षांच्या मुलात समायोजनशक्ती सुमारे १४ डायॉप्टर असते, म्हणून ते पुस्तक नाकाशी धरूनही वाचते. २५ सेंटिमीटरवरचे वाचायला ४ डायॉप्टर लागतात, आणि चाळिशीत जवळपास तेवढेच उरतात; म्हणजे सगळी शक्ती पणाला लावूनच वाचावे लागते. कारण मुख्यतः भिंग कडक होणे. कोल्हापूरच्या गुजरीत (सराफ बाजारात) साज या गळ्यातल्या दागिन्याची पाने घडवणाऱ्या कारागिराला दशावतारातला मत्स्य की कूर्म हे पाहण्यासाठी पान हातभर लांब धरावे लागू लागले, की बहिर्गोल भिंगाचा चष्मा येतो. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत नैसर्गिक भिंग काढून कृत्रिम बसवतात. नेहमीचे कृत्रिम भिंग आकार बदलत नाही, त्यामुळे दूरचे लख्ख दिसू लागले तरी वाचायला चष्मा लागतोच.