प्रोटोटाइप आणि एमव्हीपी: दिसायला सारखे, कामाला वेगळे

प्रोटोटाइप, म्हणजे वस्तूचा कच्चा नमुना, आणि एमव्हीपी, म्हणजे विकता येईल असे किमान उत्पादन, हे दोन शब्द नवउद्योजकांच्या बोलण्यात सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. दोन्ही गोष्टी अपुऱ्या आणि कमी खर्चाच्या असल्यामुळे हा घोळ होतो; परंतु त्यांतून मिळणारी उत्तरे वेगळी असतात.

जेफ हॉकिन्स यांनी १९९६ मध्ये बाजारात आलेल्या ‘पायलट’ या छोट्या संगणकाची आखणी करताना आधी सदऱ्याच्या खिशात मावेल एवढा लाकडाचा ठोकळा तयार केला. तो ते सोबत बाळगत, आणि कोणी भेटीची वेळ विचारली की ठोकळा बाहेर काढून, चॉपस्टिकच्या लाकडी काडीने त्यावर टिपून घेतल्यासारखे करीत. आत ना वीज होती, ना पडदा. तरीही हे उपकरण केवढे असावे आणि आपण ते दिवसभरात खरोखर कशासाठी काढतो, हे त्यांना त्यातून कळले. हा प्रोटोटाइप, त्यात विकण्यासारखे काहीच नव्हते.

निक स्विनमर्न यांची शंका निराळी होती: लोक पायात घालून न पाहता बूट विकत घेतील का? १९९९ मध्ये त्यांनी दुकानांतल्या बुटांची छायाचित्रे काढून संकेतस्थळावर टाकली, आणि मागणी आली की त्याच दुकानातून पूर्ण किमतीला जोड विकत घेऊन ग्राहकाला पाठवला. गोदाम नव्हते, साठा नव्हता, नफ्याची आशाही नव्हती. पण ग्राहक खरा होता आणि त्याने मोजलेले पैसेही खरे होते. पुढे झॅपोस या नावाने वाढलेल्या कंपनीचा हा एमव्हीपी.

माझ्या मते फरकाची खूण इथेच आहे. प्रोटोटाइप पाहणाऱ्याला काहीच गमवावे लागत नाही, त्यामुळे त्याने केलेल्या कौतुकाला मागणी समजणे धोक्याचे आहे. वस्तू जमेल का हीच शंका असेल, तर प्रोटोटाइप आधी करावा; ती शंका नसेल, तर त्यात महिने न घालवता थेट एमव्हीपी करावा.

थालीपीठाची भाजणी कशी असते हे घरोघरी ठाऊक आहे. ती विकू पाहणाऱ्या बाईंनी नातेवाइकांना चव देऊन ‘छान झाली आहे’ एवढे ऐकण्यावर थांबू नये, तर अर्धा किलोची वीस पाकिटे भरून, त्यांवर किंमत लिहून ती ओळखीबाहेरच्या लोकांना विकावीत आणि महिन्याभराने त्यांतले किती जण पुन्हा मागायला येतात ते मोजावे.