इंडिकेटरला एलईडी लावताना

इंडिकेटरचा जुना फिलामेंटचा बल्ब साधारण २१ वॅटचा असतो. १२ व्होल्टवर तो पावणेदोन अँपिअर प्रवाह ओढतो. एलईडीला त्याच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी प्रवाह पुरतो, आणि हीच बचत फ्लॅशरला, म्हणजे इंडिकेटरची उघडझाप करणाऱ्या भागाला, गोंधळात टाकते.

जुन्या फ्लॅशरमध्ये दोन धातूंची पट्टी असते. बल्बच्या प्रवाहाने ती तापून वाकते, निवली की पूर्ववत होते. त्यातून उघडझाप होते. एलईडीच्या प्रवाहाने पट्टी पुरेशी तापतच नाही. नंतरचे इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर प्रवाह मोजतात. तो कमी भरला की ‘बल्ब उडाला’ असं धरून टिकटिक जवळजवळ दुप्पट करतात. चालकाला सावध करण्याची ही मुद्दाम केलेली सोय आहे.

बरेच जण यावर लोड रेझिस्टर, म्हणजे जादा प्रवाह ओढणारा रोध, बसवतात. तो एलईडीला समांतर जोडायचा. एकसर जोडला तर प्रवाह वाढणारच नाही. नेहमीचा ६ ओहमचा रेझिस्टर १२ व्होल्टवर २ अँपिअर ओढतो, म्हणजे २४ वॅट निव्वळ उष्णता. तो प्लॅस्टिकला किंवा वायरींना टेकता कामा नये, पत्र्यावरच घट्ट बसवावा. जिथे फ्लॅशर सुटा निघतो तिथे मी एलईडीसाठीचा फ्लॅशरच सुचवेन. त्याला बहुधा तिसरी पिन असते; जुना दोन पिनांचा असेल तर अर्थची (प्रवाह परत नेणारी) एक वायर बॉडीला न्यावी लागते.

एवढं करूनही काही जुन्या गाड्यांत आणि मोटरसायकलींवर डावा इंडिकेटर दिला की चारही दिवे लुकलुकतात. तिथे डॅशबोर्डवर दोन्ही बाजूंना मिळून एकच खुणेचा बल्ब असतो. त्याला अर्थची स्वतंत्र वायर नसते. डावीकडून आलेला प्रवाह त्यातून उजव्या बाजूच्या बल्बांमधून अर्थला जातो. एवढ्याशा प्रवाहाने २१ वॅटची फिलामेंट पेटत नाही, एलईडी मात्र पेटतो. उपाय सोपा आहे: दोन्ही बाजूंकडून एकेक डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) घेऊन ते खुणेच्या बल्बच्या एका टोकाला जोडायचे आणि दुसरं टोक अर्थ करायचं.

फिलामेंटला उलटसुलट चालतं, एलईडीला नाही. नवा बल्ब पेटला नाही तर तो बिघडला असं ठरवण्याआधी होल्डरमध्ये फिरवून पाहावा.

रंगाचंही पाहावं. पांढऱ्या एलईडीच्या प्रकाशात लाल भाग कमी असतो, म्हणून लाल काचेमागे लाल एलईडीच हवा. टेल आणि ब्रेक एकाच बल्बमध्ये असतील तर कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगून मागून भरदिवसा खात्री करावी, की दोन्हींतला फरक लांबूनही ओळखू येतो.