बाटली अर्धी रिकामी आहे, मग चालेल?

नाही चालत. परदेशी निघालेल्यांना घरोघरी दिला जाणारा हा सल्ला चुकीचा आहे: '२०० मिलीच्या बाटलीत तळाशी थोडंसंच शाम्पू आहे ना, मग हँडबॅगेत टाक.' विमानात सोबत न्यायच्या द्रवांसाठीची १०० मिलीची मर्यादा आत उरलेल्या द्रवाला नाही, बाटलीवर छापलेल्या मापाला आहे. तपासनीस आत किती उरलंय ते मोजत बसत नाही. छापील आकडा बघतो आणि बाटली कचऱ्याच्या टोपलीत टाकतो.

ऑगस्ट २००६ मध्ये लंडनहून अमेरिका-कॅनडाला जाणारी विमानं शीतपेयाच्या बाटल्यांतल्या द्रव स्फोटकांनी उडवण्याचा कट उघड झाला, त्यातून हा नियम आला. अशा छोट्या बाटल्या एक लिटरच्या पारदर्शक, बंद होणाऱ्या पिशवीत ठेवायच्या.

यात टूथपेस्टही येते, आणि नेमकी तीच लोक विसरतात. घरातली १५० ग्रॅमची पिळून चपटी केलेली ट्यूब त्यामुळेच काढून घेतली जाते. जेल, क्रीम, खोबरेल तेल, डिओ सगळं द्रवातच धरतात. साबणाची वडी मात्र खुशाल न्या.

मोठा शाम्पू चेक-इन बॅगेत घाला, तिथे १०० मिलीचं बंधन नाही. काही विमानतळांवर नव्या स्कॅनरमुळे नियम सैल झालाय खरा, पण परतीचा विमानतळ वेगळा असतो. म्हणून प्रवासासाठी छोट्या रिकाम्या बाटल्यांचं किट घेताना पाऊच किती देखणा आहे यापेक्षा बाटल्यांवरचं माप वाचा.